प्रयोग किती वाजता संपतो?

सकाळी ६.००

साडेनऊला सदाशिव पेठेत पोचायचं म्हणजे मुळशीतल्या भरे गावातून सातच्या आत बाहेर पडायला हवं. भातलावणी उरकली आहे, खाचरांत पाणी तुंबलंय आणि पाऊस थांबायचं नाव घेत नाही. वडील रात्रपाळी करून आत्ताच आलेत. पिरंगुटच्या पट्ट्यात कारखाने वाढल्यापासून आमच्याकडे बऱ्याच घरांची घड्याळं पाळीवर चालतात.

आई डबा भरता भरता विचारते, “शनिवारी कसली गं नोकरी?”

“नोकरी नाही आई, इंटर्नशिप. आणि नाटकवाल्यांचा धंदा शनिवार-रविवारीच असतो.”

उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला सहा महिने बाहेर काम करावं लागतं. वर्गातल्या बऱ्याच जणांनी बिल्डरांच्या जाहिराती करणाऱ्या एजन्सी धरल्या, तिथे पैसे बरे मिळतात. मला मिळाला तो तीन माणसांचा स्टुडिओ. नाटकं, मैफली, नृत्याचे कार्यक्रम यांची पोस्टरं, वर्तमानपत्रातल्या जाहिराती आणि मोबाइलवर फिरणारी चित्रं तिथे होतात. स्टायपेंडमध्ये बसभाडं आणि चहा भागेल. आज पहिला दिवस.

सकाळी ६.५०

घोटवडे फाट्यावर बसची वाट बघताना समोर श्रावणातल्या सप्ताहाचा फ्लेक्स लागलाय. कॉलेजात असा फ्लेक्स दाखवला की सगळे हसतात. सात कीर्तनकारांचे सात गोल फोटो, वर विठ्ठल-रखुमाई, खाली सौजन्य करणाऱ्यांची रांग, जांभळ्यावर पिवळी अक्षरं. पण आज कामाला निघालेय म्हणून नीट वाचला. पहाटे ४ ते ६ काकडा, ८ ते १२ पारायण, सायंकाळी ५ ते ६ प्रवचन, ६ ते ७ हरिपाठ, रात्री ९ ते ११ कीर्तन, नंतर जागर. कोण, कुठे, कोणत्या दिवशी, जेवण कधी, जेवण कोणाकडून, सगळं लिहिलेलं. फ्लेक्स बनवणाऱ्याने रंगांची वाट लावलीय, पण वाचणाऱ्याचा एकही प्रश्न शिल्लक ठेवलेला नाही.

सकाळी ७.१०

पीएमपीत खिडकीची जागा मिळाली. पिरंगुट, भुकूम, भूगाव, दोन्ही बाजूंना प्लॉट आणि फ्लॅटच्या जाहिराती. शाळेत जाताना इथे शेतं दिसायची. मी एक खेळ लावला. बस चालती असताना ज्या फलकावरचा सगळा मजकूर एका नजरेत वाचून होईल, तो पास. बहुतेक नापास झाले. डोंगर, तलाव, हसरं कुटुंब दिसतं, पण जागा नेमकी कुठे आहे ते कोपऱ्यात बारीक. पास झाला तो रसवंतीचा हाताने रंगवलेला बोर्ड. तीन शब्द आणि एक बाण.

भूगावात बस अडकली आणि तिथेच अर्धा तास गेला. चांदणी चौकातले नवे पूल २०२३ मध्ये सुरू झाले तेव्हा वाटलं होतं, सुटलो. चौक सुटला खरा, त्याच्या अलीकडचा रस्ता तेवढाच राहिला. एक गोष्ट मात्र लक्षात आली. इतक्या फलकांत नाटकाचा एकही नाही. कोथरूडचं यशवंतराव चव्हाण नाट्यगृह या रस्त्यावरच्या आम्हा सगळ्यांना सर्वांत जवळचं, पण तिथे या रविवारी काय आहे, हे भूगाव-पिरंगुटच्या माणसाला सांगायला कोणी येत नाही.

सकाळी ९.३०

वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर स्टुडिओ. सर पन्नाशीचे, ताई माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी. मी लॅपटॉप उघडला तसे सर म्हणाले, “मिटव तो. आज आधी मजकूर वाचायला शीक.”

एका हौशी संस्थेच्या नव्या नाटकाचा मजकूर व्हॉट्सॲपवर आला होता. सरांनी कागदावर पाच शब्द लिहून दिले. काय, कोण, कुठे, कधी, किती. या पाचांची उत्तरं सापडल्याशिवाय रंगाला हात लावायचा नाही. “बाकी जाहिरातींना मुदत वाढवून मिळते,” ते म्हणाले. “साबण या महिन्यात खपला नाही तर पुढच्या महिन्यात खपेल. रविवारी साडेपाचला रिकामी राहिलेली खुर्ची सोमवारी विकता येत नाही.”

मी तारखा भिंतीवरच्या कालनिर्णयशी ताडून बघितल्या. मजकुरात वार रविवार लिहिला होता, तारीख शनिवारची. संस्थेला फोन केला. वार बरोबर, तारीख चुकली होती. ताई म्हणाली, “हे दर आठवड्याला होतं. वार आणि तारीख दोन्ही लिहायचे ते याचसाठी, एक चुकलं तर दुसरं पकडून देतं.” तपासायची यादी भिंतीवर चिकटवलेली आहे. वार-तारीख, वेळ, नाट्यगृहाचं पूर्ण नाव, तिकीट दर, बुकिंगचा फोन नंबर स्वतः लावून बघणे, क्यूआर कोड स्वतःच्या मोबाइलवर उघडून बघणे, सगळी नावं मोठ्याने वाचणे.

सकाळी ११.००

आता अक्षरं. नाटकाचं नाव कसं लिहायचं यावर ताईचे सहा कच्चे कागद तयार होते, सगळे हाताने काढलेले. मराठी नाटकाच्या जाहिरातीत चेहऱ्याच्या आधी अक्षर येतं, ही कमल शेडगे यांची पुण्याई. टाइम्स ऑफ इंडिया आणि महाराष्ट्र टाइम्समध्ये नोकरी करत त्यांनी कित्येक दशकं नाटकांची नावं रेखाटली. २०२० मध्ये ते गेले. वर्तमानपत्राच्या काळ्या-पांढऱ्या दोन कॉलमांत फोटोला जागा नसायची, असला तरी शाईत बुडायचा. मग नावाचं अक्षरच नट व्हायचं. ते हसायचं, थरथरायचं, मिशीला पीळ द्यायचं. न्यूयॉर्कच्या पब्लिक थिएटरची पॉला शेर यांनी १९९४पासून केलेली अक्षरप्रधान पोस्टरं आम्हाला कॉलेजात शिकवतात. शेडग्यांचं काम शिकवत नाहीत. ते जुन्या कात्रणांत शोधावं लागतं. सरांनी अशी कात्रणं खोकी भरून जपली आहेत.

नाव हाताने, बाकीचा मजकूर फॉन्टमध्ये. इथे कॉलेजात न शिकवलेलं बरंच कळलं. इंग्रजीत अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शब्द ऐटदार दिसतो. देवनागरीत तेच केलं की शिरोरेखा तुटते आणि शब्दाचे तुकडे लोंबायला लागतात. चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडला नाही तर पहिली वेलांटी भलत्या अक्षरावर बसते आणि जोडाक्षरांचे पाय मोडतात. भाषा ‘मराठी’ नेमून दिली नाही तर काही फॉन्ट ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे काढतात. वाचणाऱ्याला काय खटकतं ते सांगता येत नाही, पण खटकतं.

शिवाय दोन जगांची भांडणं आहेत. मजकूर येतो तो मोबाइलवरचा युनिकोड. काही छापखाने अजून श्रीलिपी या जुन्या फॉन्ट-प्रणालीवर बसलेत. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकने बनवलेली ती, हजारो पत्रिका आणि पुस्तकं तिच्यात छापली गेली. एकातून दुसऱ्यात मजकूर नेताना ‘र’फार उडतो, अवतरणचिन्हाच्या जागी भलतंच काही उगवतं. म्हणून छापायला पाठवताना अक्षरांचं चित्रात रूपांतर करून, म्हणजे ‘आउटलाइन’ करून पाठवायचं, आणि मूळ फाइल वेगळी जपून ठेवायची.

मी फुकटात मिळणाऱ्या फॉन्टांबद्दल विचारलं. मुंबईच्या एक टाइपने केलेले मुक्त आणि बलू, दोन्ही कोणालाही वापरता येतात. ताई म्हणाली, मुक्त बारीक मजकुराला चांगला, बलू लहान मुलांच्या कार्यक्रमाला. “पण फॉन्ट चांगला आहे म्हणून नाटकाला लावू नकोस. संहिता वाचलीस का?” नव्हती वाचली. दुपारच्या आत वाचायची असं ठरलं.

दुपारी १.३०

डबा खाताना संहिता वाचली. दोन अंक, चार पात्रं, एक घर, विकायला काढलेली जमीन. मुळशीच्या पोरीला हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. संस्थेने पोस्टरसाठी पाठवलेला फोटो मात्र चौघं कॅमेऱ्याकडे बघून हसतायत असा. सर म्हणाले, “हा फोटो कोणत्याही नाटकाला चालेल, म्हणून या नाटकाला चालणार नाही.”

जेवणानंतर त्यांच्या गप्पा रंगल्या. आमच्या इमारतीपासून चालत जाण्याच्या अंतरावर भरत नाट्य मंदिर आहे. १६ डिसेंबर १९७२ला तिथे ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. पुढे वाद पेटला, नाटक करणाऱ्या मंडळींनी १९७३ मध्ये थिएटर ॲकॅडमी काढली आणि ते नाटक परदेशात गेलं. त्या काळी पुण्यात वर्तमानपत्रातली छोटी चौकट, नाट्यगृहाबाहेरचा खडूने लिहिलेला फळा आणि तोंडोतोंडीचा निरोप एवढीच जाहिरात असायची. पेठा, डेक्कन, कॉलेजं हे सगळं सायकलच्या टप्प्यात. प्रेक्षक कुठे राहतो, परत कसा जाणार, हे विचारायची गरजच नव्हती. तो चालत घरी जायचा.

शहर पसरलं. चौकट तीच राहिली.

दुपारी २.३०

इंटर्नचं खरं काम इथे सुरू होतं, ॲडॅप्टेशन. ताईने केलेलं एक मुख्य चित्र मी वेगवेगळ्या मापांत बसवायचं. इन्स्टाग्रामला १०८० बाय १३५०, स्टोरीला १०८० बाय १९२०, छापील पोस्टर ए-३ आकाराचं, चहूबाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा कडा) सोडून, नाट्यगृहाच्या दारातली उभी स्टँडी, आणि वर्तमानपत्राची कॉलम-सेंटिमीटरमधली काळी-पांढरी चौकट. पडद्यावर झगमगणारा निळा रंग छापखान्याच्या चार शायांत मळका होतो, तो आधीच बदलून घ्यायचा. वर्तमानपत्रात नाजूक रेघ उठत नाही, ती जाड करायची. व्हॉट्सॲप चित्र दाबून पाठवतं, म्हणून तिथलं सर्वांत लहान अक्षर इतकं मोठं हवं की आजोबांनी चष्मा न लावता वाचावं.

फ्लेक्स लावायचा का, असं विचारल्यावर सरांनी मान हलवली. महापालिकेच्या आकाशचिन्ह विभागाची परवानगी आणि शुल्क भरून लावायचा असेल तर लावू. चौकात रात्री गुपचूप दोरीने बांधायचा नाही. मालमत्तेचं विद्रूपण रोखणारा राज्याचा कायदा १९९५पासून आहे. “नाटकवाल्यांनी शहर घाण करून मग सौंदर्यावर बोलू नये,” इति सर.

दुपारी ४.००

नाट्यव्यवस्थापक काका आले. पांढरा शर्ट, काखेत छत्री, हातात दोन मोबाइल. तीस वर्षं तिकीट खिडकीवर काढलेला माणूस. कोणत्या तारखेला प्लॅन, म्हणजे खुर्च्यांचा नकाशा, बुकिंगला उघडायचा, पहिल्या दिवशी कोणत्या रांगा जातात, बाल्कनी कधी हलते, हे सगळं त्यांना तोंडपाठ. त्यांच्या हिशोबात पोस्टर चांगलं की वाईट हे प्लॅनवर कळतं, लाइकवर नाही.

अर्धा तास नावांच्या क्रमावर गेला. लेखक आधी की दिग्दर्शक, निर्मितीसंस्थेचं नाव किती मोठं, ज्येष्ठ नटाच्या आधी कोणी नको, नेपथ्य आणि प्रकाशयोजना एका ओळीत चालतील का. मैफलीच्या पोस्टरला याहून जास्त जपावं लागतं म्हणे. गायकाच्या नावाआधी ‘पं.’ की ‘विदुषी’, तबला आणि संवादिनीच्या साथीदारांची नावं न विसरता, तानपुऱ्यावरच्या शिष्यांचीही. मग प्रायोजकांचे लोगो, प्रत्येकाला वाटतं आपलाच लहान झाला.

सगळं ठरलं तेव्हा मी हळूच विचारलं, “काका, प्रयोग किती वाजता संपतो?”

“साडेपाचचा आहे. दोन-सव्वादोन तास.”

“मग ते लिहायचं का? सायंकाळी ५.३० ते ७.४५, मध्यंतरासह.”

काका हसले. “बेटा, आपल्यात अशी पद्धत नाही. प्रयोग काय ऑफिस आहे? पंधरा मिनिटं उशिरा सुरू झाला तर लोक कागद घेऊन भांडायला येतील.”

मी त्यांना फाट्यावरच्या फ्लेक्सचं सांगितलं. कीर्तन हे काही घड्याळाचं गुलाम नाही, तरी तिथे ‘९ ते ११’ लिहितात. कारण ऐकायला येणाऱ्याला वाडीवर परत जायचं असतं, पहाटे धार काढायची असते. पिरंगुटच्या कारखान्यात दहाच्या पाळीला जाणारा माणूस पावणेआठला संपणारं नाटक बघू शकतो, पण ते पावणेआठला संपतं हे त्याला कळलं तर. आमच्याकडच्या बाईला नाटक आवडत नाही असं नाही. शेवटची बस चुकेल की काय, ही धाकधूक घेऊन तीनशे रुपयांच्या खुर्चीत बसायला तिला आवडत नाही.

ताई माझ्या बाजूने बोलली. संपायची वेळ आयोजकाला माहीत नसते असं थोडंच आहे? महापालिकेच्या नाट्यगृहांत दुपार, संध्याकाळ, रात्र अशी सत्रं लागलेली असतात. पुढच्या संस्थेचं नेपथ्य दारात येऊन थांबलेलं असतं, त्याआधी रंगमंच रिकामा करावाच लागतो. १९५३ मध्ये सुरू झालेला सवाई गंधर्व महोत्सव एके काळी रात्रभर चालायचा. ध्वनिप्रदूषणाचे २०००चे नियम आले, रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपकावर बंधन आलं आणि मैफलींनाही घड्याळ लागलं. म्हणजे वेळ ठरलेली असते, पाळलीही जाते. फक्त प्रेक्षकाला सांगत नाहीत.

काका बराच वेळ प्लॅनकडे बघत होते. “मागच्या रांगा रिकाम्याच असतात म्हणा,” ते म्हणाले. मग तडजोड झाली. वर्तमानपत्राच्या चौकटीत नाही, तिथे प्रत्येक सेंटिमीटरचे पैसे पडतात. मोबाइलवरच्या चित्रात आणि ए-३ पोस्टरवर मात्र वेळेखाली एक ओळ येईल. कालावधी सव्वादोन तास, मध्यंतरासह.

सायंकाळी ५.१५

त्या एका ओळीला जागा करण्यासाठी पोस्टर पुन्हा मांडलं. काय गेलं? हसऱ्या चौघांचा फोटो आधीच गेला होता. आता ‘सहकुटुंब पाहावे असे’ गेलं, ‘प्रेक्षकांच्या आग्रहास्तव’ गेलं (पहिलाच प्रयोग, आग्रह कोणी केला?), दोन उद्गारचिन्हं गेली. उरलं हाताने लिहिलेलं नाव, त्याच्या शिरोरेखेतून पुढे निघालेली शेताच्या बांधासारखी एक रेघ, आणि रेघेखाली सगळा मजकूर. सरांनी प्रूफ दाराला चिकटवलं आणि म्हणाले, “आता जिन्यातून वर चालत ये, न थांबता वाच.” मी चालत चालत मोठ्याने वाचलं. नाव, जागा, वार, वेळ. तिकीट दरावर अडखळले, तो दोन पॉइंटांनी वाढवला.

फाइलला नाव द्यायचीही पद्धत आहे इथे. तारीख, नाटक, माप, आवृत्तीचा आकडा. ‘फायनल’ हा शब्द वापरायला बंदी, कारण फायनलच्या नंतर हमखास एक बदल येतो. आलाच. निर्मात्यांच्या आडनावात ऱ्हस्व-दीर्घ.

सायंकाळी ७.००

इंटर्नने पहिल्या दिवशी नाटक बघायचंच, हा स्टुडिओचा नियम. पेठेतलं एक छोटं प्रेक्षागृह, प्रायोगिक नाटक, प्लास्टिकच्या खुर्च्या, नट हाताच्या अंतरावर. आत जाण्याआधी ताईने मला दारात उभं केलं. काम एकच, येणाऱ्याला विचारायचं, “नाटकाचं कुठून कळलं?” बहुतेकांची उत्तरं सारखी. मित्र काम करतोय, मैत्रिणीने फॉरवर्ड केलं, इथे नेहमीच येतो. जाहिरात बघून आलेले फार थोडे. अनोळखी माणसाला बोलावण्याचं काम जाहिरातीचं, आणि दारात तर सगळे ओळखीचेच.

नाटक छान होतं. एका प्रसंगात नटी पाठमोरी बसून फक्त शर्टाला बटण लावत होती आणि तेवढ्यात सगळं घर उभं राहिलं. या प्रसंगाचं पोस्टर झालं तर लोक थांबून बघतील, असं मनात आलं. आणि त्याच मनात पावणेनऊ वाजल्याचंही आलं. बाहेरच्या पोस्टरवर फक्त ‘सायं. ७’ होतं.

रात्री ८.५०

टाळ्या संपायच्या आत उठावं लागलं. डेक्कनहून बस धरली. गाडीत कारखान्यांतली माणसं, हॉटेलांत काम करणाऱ्या बायका, माझ्यासारखी कॉलेजची पोरं. पलीकडच्या काकूंनी माझ्या हातातलं प्रूफ बघून विचारलं, “नाटक आहे का गं? कोथरूडला? किती वाजता सुटतं?”

पाच प्रश्नांपैकी दोनांची त्यांनी नुसती खात्री केली. खरा विचारला तो सहावाच.

रात्री १०.१५

घरी पोचले, जेवले, वहीत दिवसभराचं टिपून ठेवलं. सरांच्या पाच शब्दांखाली मी दोन वाढवलेत. किती वाजता संपेल, आणि कसं यायचं. नाट्यगृहाच्या नावाखाली जवळचा बसथांबा लिहायला अर्धी ओळ लागते. उद्या त्याचंही बोलणार आहे. उद्या रविवार, म्हणजे आमच्यासाठी कामाचा दिवस.

नाटकाला प्रेक्षक नाही, अशी तक्रार पुण्यात दर मोसमात होते. भूगाव, पिरंगुट, घोटवडे, भरे या पट्ट्यात हजारो नवी घरं झाली आहेत. त्यांतल्या कोणाला जाहिरात नीट पोचली, हे आधी बघावं. ती माणसं येत नाहीत कारण त्यांना रस नाही, हा निष्कर्ष फार घाईचा आहे. आयोजकांना माझी एवढीच विनंती आहे: पोस्टर कितीही देखणं करा, कोणाकडूनही करून घ्या, पण त्यावर प्रयोग किती वाजता संपतो ते छापा. त्याला छपाईचा एक पैसाही जास्त पडत नाही.